सामाईक भिंत आणि दहावीचे रसायन



मार्केट यार्डाच्या भुसार विभागात ज्यांची पिढीजात पेढी आहे, अशा कुटुंबातील एका भगिनींचे पत्र या महिन्यात आले. कन्या दहावीत. शाळा सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उरलेले विषय मराठीतून. विज्ञानाच्या पहिल्या भागातील ‘कार्बनी संयुगे’ हे प्रकरण शिकवून झाले आहे. व्याख्या मुखोद्गत आहेत, इलेक्ट्रॉनांच्या ठिपक्यांच्या आकृत्याही सुबक आहेत. एके रात्री पेढी वाढवून घरी आलेल्या वडिलांनी सहज विचारले, “दोन अणू एकमेकांना धरून का राहतात, बेटा?” उत्तर आले, “शेअरिंगमुळे, पप्पा.” वडिलांनी पुढे विचारले, “वाटून घेतल्याने धरून का राहतील? वाटण्या झाल्या की घरे वेगळी होतात!” येथे संभाषण थांबले. कन्येचे म्हणणे असे की रसायनशास्त्र हे निव्वळ पाठांतर आहे, तेव्हा अकरावीस वाणिज्य शाखाच बरी. आई-वडील दोघेही वाणिज्य पदवीधर. आम्ही तिला काय सांगावे, असा भगिनींचा प्रश्न आहे.

वाणिज्य शाखेबद्दल आपल्या घरांत गैरसमज असण्याचे कारण नाही. ती आपली परंपराच आहे. परंतु शाखेची निवड आवडीवरून व्हावी, एखाद्या न उलगडलेल्या प्रकरणावरून होऊ नये. आणि वडिलांचा प्रश्न तर असा आहे की त्याचे समाधानकारक उत्तर द्यायला विसाव्या शतकातील थोर शास्त्रज्ञांनाही अकरा वर्षे लागली. त्याकडे पुढे येऊच.

पत्रासोबत कन्येच्या वहीतील काही ओळी उतरवून पाठविल्या आहेत. त्यांतील एका वाक्यावर माझी नजर खिळली. ‘सहसंयुज बंध दुर्बल असतो, म्हणून सहसंयुज संयुगांचे द्रवणांक व उत्कलनांक कमी असतात.’ हे वाक्य चुकीचे आहे, आणि पुण्यातील कित्येक वह्यांतून ते असेच आढळते. सेनापती बापट मार्गावरील बालभारतीने तयार केलेले दहावीचे पुस्तक तसे म्हणत नाही. कार्बनी संयुगांच्या कमी द्रवणांकाचे कारण ते रेणू-रेणूंमधील आकर्षण क्षीण असण्यात शोधते. रेणूंच्या मधले आकर्षण निराळे आणि रेणूच्या आतला बंध निराळा. पुस्तकातून टिपणात, टिपणातून क्लासच्या झेरॉक्समध्ये उतरताना मधला शब्द गळतो आणि अर्थ उलटा होतो. आपल्या व्यवसायात ‘येणे’ आणि ‘देणे’ यांची अदलाबदल झाली तर काय होईल, हे वाचकांना सांगावयास नको.

परंतु आधी मूळ प्रश्न. कार्बनच्या अणुकेंद्रकात सहा प्रोटॉन. भोवती सहा इलेक्ट्रॉन, आतल्या कवचात दोन व बाहेरच्यात चार. सोडिअमसारखा धातू बाहेरचा एकच इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. एक धन होतो, दुसरा ऋण होतो, आणि या विरुद्ध प्रभारांच्या ओढीने मिठाचा स्फटिक उभा राहतो. हा सरळ देण्याघेण्याचा व्यवहार आठवीच्या पुस्तकातच येऊन गेलेला असतो. कार्बनने असे का करू नये? हिशेब मांडून पाहावा. सोडिअमचा पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास एका मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. (मोल म्हणजे अणूंची ठरावीक मोठी संख्या; आपल्याकडे डझन तसे रसायनशास्त्रात मोल.) कार्बनचे चारही बाह्य इलेक्ट्रॉन एकामागून एक काढावयाचे तर खर्च १४,००० किलोज्यूलच्या वर जातो. पहिल्यास सुमारे १,०८६ आणि चौथ्यास ६,२०० हून अधिक, कारण एकेक गेला की उरलेल्यांवरील केंद्रकाची पकड वाढतच जाते. उलट चार बाहेरून घ्यावे, तर सहा प्रोटॉनांच्या बळावर दहा इलेक्ट्रॉन सांभाळावे लागतील. तेही परवडत नाही. देणे परवडत नाही, घेणे परवडत नाही. तेव्हा तिसरा मार्ग.

या तिसऱ्या मार्गाला शिक्षक बहुधा ‘भागीदारी’ म्हणतात, आणि व्यापारी घरात हा शब्द चटकन पोहोचतो. पण पोहोचतो तो चुकीच्या दारी. भागीदारीच्या पेढीत दोघांनी एकेक लाख घातले, तर भांडवल दोन लाख होते, तरी प्रत्येकाच्या खात्यावर एकच लाख दिसतो. रेणूत तसे होत नाही. हायड्रोजनच्या दोन अणूंनी एकेक इलेक्ट्रॉन घातला, की त्या जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन पहिला अणूही आपलेच मोजतो आणि दुसराही. असा ताळेबंद कोणी सादर केला तर लेखापरीक्षक तो परत पाठवील. वडिलांच्या मनातला ‘वाटणी’चा घोळ येथूनच होतो. इंग्रजी ‘शेअर’ या शब्दात वाटून घेणे आणि मिळून वापरणे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि येथे दुसराच लागू पडतो. सेमी-इंग्रजीच्या मुलांना हा फरक कोणी उलगडून सांगत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. पाठ्यपुस्तकातील ‘सहसंयुज’ या शब्दात तो फरक आधीच सामावलेला आहे: ‘सह’ म्हणजे एकत्र.

त्याऐवजी आपल्या पेठांतील जुने वाडे डोळ्यांसमोर आणावे. भवानी पेठेत, रविवार पेठेत दोन वाड्यांच्या मध्ये एकच सामाईक भिंत असे. अलीकडच्या घराच्या भिंती मोजल्या तर चार, पलीकडच्या मोजल्या तरी चार; आणि उभ्या असलेल्या मात्र एकंदर सातच. दोन्ही घरे पूर्ण, कोणाचीच मोजणी खोटी नाही. ती मधली भिंत कोणा एकाची नाही आणि पाडली तर दोघांचेही घर उघडे पडते. मिथेनच्या रेणूत कार्बन चारही बाजूंनी हायड्रोजनशी अशी एकेक भिंत सामाईक करतो: स्वतःचे चार आणि शेजाऱ्यांचे चार मिळून आठ. प्रत्येक हायड्रोजनला दोन पुरतात, तेवढे त्याला मिळतात. कन्येने ठिपक्यांची आकृती काढताना जोडीतले दोन ठिपके दोन्ही वर्तुळांच्या सामाईक भागात का काढतात, ते एवढ्यावरून ध्यानात येईल.

भिंतीच्या दृष्टान्ताने मोजणी समजते. धरून ठेवणारे बळ कोठून येते, ते समजत नाही. अमेरिकेतील बर्कले येथील गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९१६ साली इलेक्ट्रॉनांच्या सामाईक जोडीची कल्पना मांडली. आपल्या मुलांच्या वहीतील ठिपके त्यांचेच. १९१९ साली अर्व्हिंग लँगम्यूर यांनी या बंधाला इंग्रजीत ‘कोव्हॅलंट’शी निगडित नाव दिले. तरीही सर्व इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटत असताना त्यांची जोडी दोन अणू जोडते कशी, हे लुईस यांना नेमके सांगता आले नव्हते. ते उत्तर १९२७ साली वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन या दोन तरुणांनी हायड्रोजनच्या रेणूवर नवे पुंजभौतिक लावून दिले. त्याचे गणित दहावीच्या आवाक्यापलीकडे आहे. आशय मात्र घरात बसून सांगता येतो.

केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण. एकटा हायड्रोजन अणू असताना त्याच्या इलेक्ट्रॉनवर एकाच केंद्रकाची ओढ असते. दुसरा अणू जवळ आला, की दोन्ही इलेक्ट्रॉनांना दोन्ही केंद्रकांची ओढ लागते, आणि त्यांचा बराचसा वावर दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत होऊ लागतो. मध्ये ऋण प्रभार दाटला, की दोन्ही बाजूंची धन केंद्रके त्याच्याकडे ओढली जातात. बंध म्हणजे हीच ओढ. अणू फारच जवळ आले तर केंद्रके एकमेकांना लोटू लागतात. म्हणून एक ठरावीक अंतर साधते. हायड्रोजनच्या रेणूत ते ७४ पिकोमीटर आहे, म्हणजे मीटरच्या एक लक्ष-कोटीव्या भागाच्या ७४ पट. त्या अंतरावर अणू विसावतात तेव्हा एका मोलमागे ४३६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. पुन्हा वेगळे करावयाचे असेल तर तेवढीच ऊर्जा मोजावी लागते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की बंध जुळताना ऊर्जा सुटते आणि तोडताना लागते. ‘बंध तुटला की ऊर्जा मिळते’ असे पुष्कळ मुले म्हणतात. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा मिळणारी उष्णता जुने बंध तोडण्याची नसून, नवे अधिक बळकट बंध जुळण्याची शिल्लक असते. जमा आणि खर्च दोन्ही मांडल्यावर उरतो तो नफा. दुसरी गोष्ट अष्टकाबद्दल. ‘अणूला अष्टक हवे असते’ ही भाषा सोयीची आहे, पण अणूला इच्छा नसते. अष्टक हा ठोकताळा आहे आणि कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या बाबतीत तो सुरेख चालतो. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात, सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती बारा मोजता येतात, तरीही ही संयुगे अस्तित्वात आहेत. परीक्षेत हे विचारत नाहीत. पण ज्या मुलाला नियमाला अपवाद दिसला की विषयच खोटा वाटू लागतो, त्याला हे आधी सांगून ठेवलेले बरे.

आता त्या वहीतल्या वाक्याकडे. यासाठी आपल्या घरात रोज घडणारी गोष्ट उपयोगी आहे. आपल्यापैकी अनेकांकडे उकळलेले पाणी पिण्याचा नियम असतो. वर्षीतप किंवा आयंबिलाच्या दिवसांत तर तो सर्वांच्या परिचयाचा. पातेल्यातील पाणी उकळते, वाफ निघते. त्या वेळी पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटतात काय? तुटत असते तर शेगडीवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण जमले असते आणि खालच्या ज्योतीने त्याचा स्फोट झाला असता. आपल्या आजीने हजारो वेळा पाणी उकळले आणि स्वयंपाकघर शाबूत आहे. वाफ म्हणजे पाणीच. प्रत्येक रेणूत एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन आणि त्यांच्यातील दोन्ही बंध जागच्या जागी. झाकणावर जमलेला थेंब त्याचीच साक्ष देतो.

आकडे पाहावे. १८ ग्रॅम पाण्याची, म्हणजे एका मोलची, उत्कलनांकावर वाफ करण्यास सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. त्याच १८ ग्रॅम पाण्याचे सुटे अणू करावयाचे तर सुमारे ९२६ किलोज्यूल लागतील, बावीस पटींहून अधिक. पहिला खर्च रेणू एकमेकांपासून दूर करण्याचा. दुसरा रेणूच फोडण्याचा. भुसार बाजारातील मंडळींना हे एका वाक्यात सांगता येईल: थप्पीवरून पोती उतरवायला हमाल पुरतो, दाणा फोडायला गिरणी लागते. थप्पी सहज मोडली, यावरून दाणा मऊ आहे असे कोणी म्हणत नाही.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, आणि येथे मात्र भागीदारीचा दृष्टान्त चपखल बसतो. सगळ्या भागीदाऱ्या निम्म्या-निम्म्या नसतात. हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू सारखे, म्हणून जोडी बरोबर मध्यावर. पाण्यात ऑक्सिजनची ओढ जबर. जोडी त्याच्याकडे झुकते. ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. मिथेनचा रेणू वजनाने पाण्याच्या रेणूइतकाच, म्हणजे १६ आणि १८. परंतु मिथेन उणे १६१ अंशांवर उकळतो आणि पाणी १०० अंशांवर. मिथेनमध्ये तसा कल जवळजवळ नसतो, हेच त्याचे प्रमुख कारण. दोन्हींतील अंतर्गत बंध बळकटच आहेत. किती ओढ कोणाची, याचे मोजमाप लायनस पॉलिंग यांनी बसविले. १९३९ साली त्यांचा रासायनिक बंधावरील ग्रंथ आला आणि १९५४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लुईस यांना मात्र ते कधीच मिळाले नाही, ही रुखरुख रसायनशास्त्राच्या अभ्यासकांना अजूनही वाटते.

सराफ आणि जवाहिरे कुटुंबांतील वाचक एव्हाना मनात म्हणत असतील, हिऱ्याचे काय? खरोखर, वहीतील त्या वाक्याला हिरा एका फटक्यात खोटे पाडतो. हिरा म्हणजे केवळ कार्बन, आणि त्यात सहसंयुज बंधाखेरीज दुसरे काही नाही. प्रत्येक कार्बन चार दिशांना चार कार्बनांशी जोडलेला, तेही पुन्हा चारांशी, आणि असे स्फटिकाच्या कडेपर्यंत. सुटा रेणू असा नाहीच. अख्खा खडा हाच एक महारेणू. येथे थप्पी नाही, सगळा एकच दाणा. तो फोडावयाचा तर सहसंयुज बंधच तोडावे लागतात, म्हणून नैसर्गिक पदार्थांत त्याच्याइतका कठीण दुसरा नाही.

त्याच कार्बनचे दुसरे रूप पेन्सिलीतले ग्रॅफाइट. त्यात प्रत्येक कार्बन तिघांशीच घट्ट जोडला जातो. षटकोनांची जाळी तयार होते आणि जाळ्यांचे थर एकावर एक बसतात. थरातील दोन शेजारी अणूंमध्ये १४२ पिकोमीटर अंतर, हिऱ्यातील १५४ पेक्षाही कमी. म्हणजे थरातला बंध हिऱ्याहून आखूड व बळकट आहे! पण दोन थरांमध्ये ३३५ पिकोमीटर. कागदावर पेन्सिल ओढली की थर घसरतात. पुन्हा तेच: दाणा टणक, थप्पी सैल.

प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्यांवरून सध्या व्यापारात जी खळबळ आहे, तिचेही मूळ याच प्रकरणात आहे. पेढीवर वापरतात ती उष्णता-वाहकतेवर चालणारी साधी चाचणी-पेन क्युबिक झिर्कोनियाचा खडा झटकन ओळखते, कारण ते निराळेच संयुग आहे. मॉइसनाइट तिला फसवू शकते; त्यात सिलिकॉन व कार्बन यांची सहसंयुज जाळी असते आणि तीही उष्णता उत्तम वाहून नेते. प्रयोगशाळेतला हिरा मात्र तिला फसवीत नाही, कारण फसविण्यासारखे काही नसतेच. तोही कार्बन, तेच चार बंध, तीच १५४ पिकोमीटरची अंतरे. फरक असतो तो वाढीच्या खुणांचा आणि अत्यल्प अशुद्धींचा, आणि त्यासाठी प्रकाशाचे विश्लेषण करणारी यंत्रे लागतात. किंमत कोणती असावी हा बाजाराचा प्रश्न आहे. ग्राहकाला तो ‘खोटा हिरा’ म्हणून सांगणे मात्र रसायनशास्त्राच्या दृष्टीने असत्य, आणि ‘खाणीतला’ म्हणून विकणे व्यवहाराच्या दृष्टीने असत्य. सत्याणुव्रताला या दोन्ही बाजूंकडून जपावे लागते, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिले.

सहसंयुज बंधाची पुण्यातील एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आपल्या मुलांना वाटते की हे सारे परदेशात आणि फार पूर्वी झाले. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. २००५ साली अमेरिकेत ओमर याघी यांच्या गटाने कार्बनी रेणूंना केवळ सहसंयुज बंधांनी जोडून सच्छिद्र, नियमित जाळ्या प्रथम तयार केल्या. वायू साठविण्यास, मिश्रणे वेगळी करण्यास त्यांचा उपयोग होईल अशी आशा होती. अडचण ही की त्यांतील अनेक जाळ्या पाण्याने विस्कटत. कारण मार्मिक आहे. जाळी नियमित व्हावयाची तर बंध जुळून पुन्हा सुटू शकणारे हवेत, म्हणजे चुकीच्या जागी जुळलेला दुवा सुटून योग्य जागी बसतो. पण जो बंध असा सुटू शकतो, त्याला पाणीही सोडवू शकते. नियमितपणा हवा तर टिकाऊपणा जातो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील राहुल बॅनर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१२ साली यावर सुंदर तोड प्रसिद्ध केली: पहिल्या पायरीत परत फिरू शकणारा बंध जुळू द्यावा, जाळी नीट लागू द्यावी, आणि दुसऱ्या पायरीत रेणूच्या आतच अशी पुनर्रचना घडावी की मागे फिरण्याची वाट बंद व्हावी. ती जाळी उकळत्या पाण्यात आणि तीव्र आम्लातही टिकली. बॅनर्जी यांना २०१८ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. आपल्या कन्येच्या वहीतील दोन ठिपक्यांपासून पाषाणपर्यंतचे अंतर आपल्याला वाटते तेवढे मोठे नाही.

आता एक नाजूक विषय. पाठशाळेत तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय शिकलेली मुले कधीकधी विचारतात, आणि मोठी माणसे अभिमानाने सांगतातही, की सहसंयुज बंध आपल्या शास्त्रात आधीच आहे. उमास्वातींनी, दिगंबर परंपरेच्या उमास्वामींनी, पुद्गल परमाणूंचा बंध स्निग्धता आणि रूक्षता या गुणांमुळे होतो असे सांगितले आहे, आणि गुणांच्या अंशांनुसार कोणाचा बंध होतो व कोणाचा होत नाही याचे नियमही दिले आहेत. दोन कण एकत्र का राहतात, हा प्रश्न इतक्या नेटकेपणाने विचारला गेला आणि त्याला अंशांच्या हिशेबाने उत्तर देण्याचा प्रयत्न झाला, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. ब्रजेंद्रनाथ सील यांनी प्राचीन भारतीय विज्ञानावरील आपल्या १९१५ च्या इंग्रजी ग्रंथात तिची दखल घेतली होती. परंतु दोन्ही एकच, असे मुलांना सांगू नये. शास्त्रातील परमाणू अविभाज्य आहे. रसायनशास्त्रातील अणू प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन यांचा बनलेला, म्हणजे आपल्या परिभाषेत तो स्कंध ठरतो. शिवाय समान अंशांच्या सदृश परमाणूंचा बंध होत नाही असे सूत्र म्हणते, तर रसायनशास्त्रातील पहिले उदाहरण दोन अगदी सारख्या हायड्रोजन अणूंचेच आहे. ओढूनताणून जुळवणी केली तर चाणाक्ष मूल हा विरोध पकडेल, आणि मग त्याची श्रद्धा शास्त्रावरचीही डळमळेल आणि शिक्षकांवरचीही. दोन्ही आपापल्या जागी, आपापल्या शब्दांत शिकवावे.

भगिनींनी विचारले आहे, घरी काही करून दाखविता येईल काय? येईल. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक छोटा एलईडी दिवा, ४७० ओहमचा एक रोध आणि थोडी तार. हे सामान इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात किरकोळ किमतीत मिळते. घरातल्या विजेच्या प्लगशी मात्र या प्रयोगाचा काडीचाही संबंध येऊ देऊ नये. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून त्यांची शिसे विद्युतअग्रे म्हणून वापरावी. पाणी नळाचे घेऊ नये, त्यात विरघळलेले क्षार असतात आणि दिवा फसवा मिणमिणतो. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्यावे. एका पेल्यात मीठ, दुसऱ्यात साखर विरघळवावी. मिठाच्या पाण्यात दिवा लागतो, कारण तेथे प्रभारित आयन सुटे झालेले असतात. या पेल्यात अग्रांपाशी थोडा वायू सुटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवून मिनिटभरातच बॅटरी काढावी. साखरेच्या पाण्यात दिवा लागत नाही. साखरेचे रेणू एकमेकांपासून सुटले खरे, पण प्रत्येक रेणू आतून अखंड आणि प्रभाररहित आहे. उरलेले साखरपाणी फेकू नये. आटवले की साखर परत मिळते. कढईत ती करपू दिली तरच काळी पडते, आणि तेव्हा मात्र रेणूंच्या आतले बंध तुटलेले असतात.

मग कन्येने विचारायला हवे, आणि न विचारल्यास आईने विचारावे: सहसंयुज पदार्थ वीज वाहत नाहीत असे पुस्तक सांगते, तर पेन्सिलीच्या शिशातून वीज गेली कशी? शिसे म्हणतात ते ग्रॅफाइट, म्हणजे सहसंयुज बंधांचेच. उत्तर वर येऊन गेले आहे. तेथे प्रत्येक कार्बन तिघांशीच जोडलेला आहे. चौथा इलेक्ट्रॉन कोणा एका भिंतीत अडकलेला नाही, तो थरभर हिंडतो. हिऱ्यात चारही गुंतलेले असतात, म्हणून हिऱ्यातून वीज जात नाही.

पुढील अंकी वनस्पती तुपाविषयी लिहीन. तेलातील दुहेरी बंध हायड्रोजनने भरला की ते घट्ट का होते, आणि डब्यावरील ‘ट्रान्स फॅट’ या शब्दाचा अर्थ काय, असे किराणा व्यापाऱ्यांचे तीन प्रश्न आधीच येऊन पडले आहेत.